हायड्रोजन फोडला, पण सोडणार कोण?

बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियमसारख्या मुख्य गटातल्या मूलद्रव्यांचा एखादा विचित्र रेणू हायड्रोजनीकरणाचा उत्प्रेरक होईल का, हे आम्ही संगणकावर तपासतो. अशा रेणूवर काम सुरू केलं की पहिला मोह ठरलेला असतो: हायड्रोजनचा बंध तुटतानाचा अडथळा मोजायचा. तो १५-१६ निघाला (या लेखात सगळ्या ऊर्जा किलोकॅलरी प्रति मोलमध्ये आहेत) की उत्प्रेरक हाती लागल्यासारखं वाटतं. आम्ही हा आकडा आता दुसऱ्या आठवड्यात काढतो. पहिल्या आठवड्यात फक्त एवढंच बघतो, की हायड्रोजन जोडल्यावर रेणू किती खोल खड्ड्यात जातो, म्हणजे त्याची ऊर्जा किती खाली उतरते. यादीतले बरेचसे उमेदवार तिथेच गळतात.

याचं कारण या विषयाच्या इतिहासातच आहे. २००५ मध्ये फिलिप पॉवर यांच्या गटाने दाखवलं की जर्मेनियमच्या दोन अणूंमध्ये बहुबंध असलेला डायजर्माइन साध्या तापमानाला आणि १ वातावरण दाबाला हायड्रोजनशी अभिक्रिया करतो. २००६ मध्ये डग्लस स्टीफन यांच्या गटाचा फॉस्फरस आणि बोरॉन एकाच सांगाड्यावर असलेला रेणू आला. २००७ मध्ये गी बर्त्रां यांच्या गटाचं अल्किल-अमिनो कार्बीन (दोनच बंध असलेला कार्बन) आणि २०१२ मध्ये सायमन ऑल्ड्रिज यांच्या गटाचं बोरिल-अमिनो सिलिलीन (त्याचाच सिलिकॉनवाला भाऊ). हायड्रोजन चौघांनीही फोडला. पण तापवल्यावर तो जसाच्या तसा परत सोडला तो स्टीफन यांच्या रेणूने, १०० अंश सेल्सिअसच्या वर. कार्बीनचा होतो चौबंधी कार्बन, सिलिलीनचा चौबंधी सिलिकॉन, आणि दोघंही तिथे इतके सुखात असतात की परतीचं नाव काढत नाहीत. इमाइनचं, म्हणजे कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाच्या रेणूचं, हायड्रोजनीकरण २००७ मध्येच जमलं, तेही फॉस्फरस-बोरॉनच्या घराण्याला.

हायड्रोजनचा बंध १०४ चा. तो तोडायला पॅलेडियम-ऱ्होडियमसारख्या डी-खंडातल्या धातूंकडे भरलेली आणि रिकामी डी-ऑर्बिटलं जवळजवळ असतात. मुख्य गटात हीच सोय दोन प्रकारे होते. टेट्रिलीनमध्ये, म्हणजे दोनच बंध असलेल्या सिलिकॉन, जर्मेनियम किंवा टिनमध्ये, एकाच अणूवर एकाकी जोडी आणि रिकामं पी-ऑर्बिटल असतं. फॉस्फीन-बोरेनच्या 'अडवलेल्या' लुईस जोडीत दाता एका अणूवर आणि ग्राही दुसऱ्यावर, आणि दांडग्या गटांमुळे दोघांना एकमेकांशी बंध करता येत नाही. हायड्रोजनचा बंध रिकाम्या ऑर्बिटलला इलेक्ट्रॉन देतो, एकाकी जोडी हायड्रोजनच्या प्रतिबंधी ऑर्बिटलमध्ये शिरते, आणि मधला बंध सुटतो.

पहिल्या आठवड्यातली चाळणी स्वस्त आहे. मोकळा रेणू आणि हायड्रोजन जोडलेला रेणू, दोन्हींची रचना स्थिर करायची आणि मुक्त ऊर्जेतला फरक काढायचा. टीएस, म्हणजे ट्रान्झिशन स्टेट (अडथळ्याच्या माथ्यावरची रचना), शोधायची अजून गरजच नाही. लक्ष्य इथिलीनचं हायड्रोजनीकरण असेल, तर इथिलीनपासून इथेन होताना २९८ केल्व्हिनला एकूण २४ मिळतात. हायड्रोजन जोडण्यातच यातले २० खर्च झाले, तर हायड्रोजन इथिलीनला देऊन टाकायला उरतात ४, आणि त्या पायरीचा अडथळा खड्ड्याच्या तळापासून मोजावा लागतो. आम्ही +३ ते −१० एवढाच पट्टा ठेवतो. आकडा आमच्या अनुभवाचा आहे, नियम नव्हे. −१२ वाल्याला कधी कधी दुसरी संधी देतो, −२५ वाल्याला देत नाही.

उमेदवार पट्ट्यात आणायची सगळ्यात जोरकस किल्ली म्हणजे आवर्तसारणीचा स्तंभ. सिलिकॉनकडून जर्मेनियम, टिन, शिसं असं खाली जावं तशी एस-जोडी अणुकेंद्राला जास्त चिकटून बसते आणि +४ ऑक्सिडीकरण अवस्थेत जायची हौस कमी होते. जोडणीचा फायदा घटतो, परतीचा रस्ता सोपा होतो, पण त्याच कारणाने फोडण्याचा अडथळा चढतो. एक हात सोडल्याशिवाय दुसरा धरता येत नाही. म्हणून मधले जर्मेनियम आणि टिन कामाचे. पॉवर यांच्याच गटाने २०१८ मध्ये डिस्टॅनाइनवर (टिनच्या दोन अणूंमध्ये बहुबंध असलेल्या रेणूवर) हायड्रोजन उलटसुलट जोडता-सोडता येतो हे दाखवलं, ते या कलाशी जुळतं. दुसरी किल्ली शेजारच्या गटांची. बोरिल किंवा सिलिल हे सिग्मा बंधातून इलेक्ट्रॉन ढकलतात, एकाकी जोडी वर येते, कोन रुंदावतो, भरलेल्या आणि रिकाम्या ऑर्बिटलांमधली फट अरुंद होते. अमिनो गट आपली जोडी रिकाम्या पी-ऑर्बिटलमध्ये ओततो आणि ते ऑर्बिटल वर ढकलतो. दोन्ही बाजूंना अमिनो लावलं की रेणू शांत, बाटलीत ठेवण्याजोगा आणि हायड्रोजनपुढे निरुपयोगी होतो. एक बोरिल, एक अमिनो हा मेळ ऑल्ड्रिज यांच्या रेणूत का चालला ते यातून कळतं.

चाळणीतून उरलेल्यांसाठी उत्प्रेरणाचे शक्य फेरे कागदावर काढायचे. निदान तीन. पहिला, केंद्र +२ वरून +४ वर जाऊन परत येतं. दुसरा, केंद्राची अवस्था बदलतच नाही: हायड्राइड असलेला रेणू दुहेरी बंधात शिरतो आणि मग दुसरा हायड्रोजन चार अणूंच्या टीएसमधून धातू-कार्बन बंध कापतो. तिसरा, लिगँड स्वतः एक हायड्रोजन धरून ठेवतो. दुसऱ्या फेऱ्यातली शेवटची कापणी बहुतेक वेळा सगळ्यात चढी असते, आणि नेमकी तीच 'जलद असावी' असं गृहीत धरून सोडलेली आम्ही पाहिली आहे. फॉस्फरसवरही +३/+५ असा फेरा शक्य आहे. २०१२ मध्ये सपाट, टी-आकाराच्या फॉस्फरस संयुगाने अझोबेन्झीनला हायड्रोजन पोहोचवला, मात्र अमोनिया-बोरेनकडून घेऊन. वायुरूप हायड्रोजन वापरायचा की दात्याकडून घ्यायचा, हे आधीच ठरवा. दोन्हींची गणितं वेगळी आहेत.

आता पद्धत. रचनेसाठी पीबीई-शून्य हे घनता-फलन (डीएफटी), डी३ विक्षेपण दुरुस्ती (गटागटांमधल्या क्षीण आकर्षणासाठी) बेके-जॉन्सन मंदनासह, आणि डेफ२-एसव्हीपी बेसिस सेट (ऑर्बिटलं रचायच्या गणिती फलनांचा संच). त्या रचनांवर एकल-बिंदू ऊर्जा डेफ२-टीझेडव्हीपीपीवर, आणि शेवटच्या चार-पाच निर्णायक बिंदूंवर डीएलपीएनओ-सीसीएसडी(टी) ही जास्त अचूक कपल्ड क्लस्टर पद्धत. द्रावक म्हणून टोल्युइन, एसएमडी प्रारूपातून. विक्षेपण दुरुस्ती वगळून बी३एलवायपी चालवलं तर लुईस जोडीचे दोन मोठे रेणू एकमेकांजवळ टिकतच नाहीत, कारण त्यांना धरून ठेवणारे बरेचसे धागे विक्षेपणाचेच आहेत. पोपल घराण्याचा बेसिस सेट वापरत असाल तर ६-३१जी(डी) वर थांबू नका. त्यात हायड्रोजनवर पी-फलनं नाहीत, आणि इथे सगळा खेळ हायड्रोजनच्याच अणूंचा आहे. डेफ२-एसव्हीपीमध्ये ती असतात. सुटा बोरोहायड्राइड आयन येत असेल तर पसरट फलनंही घ्या. टिनवर डेफ२ संच आपोआप २८ गाभा-इलेक्ट्रॉनांच्या जागी प्रभावी विभव लावतो, शिशावर ६०. जर्मेनियमवर मात्र सगळे इलेक्ट्रॉन मोजले जातात, त्यामुळे तिथे विभव का दिसत नाही म्हणून घाबरू नये. एम०६-२एक्स हे घनता-फलन घेतलं तर समाकलनाचं ग्रिड बारीक ठेवा, नाहीतर नसलेली छोटी काल्पनिक वारंवारता उगवते आणि दोन दिवस जातात.

फट अरुंद असलेल्या रेणूंवर आणखी एक पायरी चुकवायची नाही: तरंगफलनाची स्थिरता-तपासणी. बंद-कवच गणित निमूट कन्व्हर्ज होतं, ऊर्जाही छापतं, पण रेणू अर्धवट द्विमूलक (दोन इलेक्ट्रॉन जवळजवळ एकेकटे) असेल तर ती ऊर्जा खोटी असते. आम्ही प्रत्येक मोकळ्या रेणूची त्रिक अवस्था (दोन इलेक्ट्रॉनांची फिरकी समांतर) वेगळी स्थिर करतो, आणि ती एकेरी अवस्थेच्या १० च्या आत आली की भंग-सममिती गणित करून बघतो. कपल्ड क्लस्टरमधला टी१ निर्देशांक (एकाच इलेक्ट्रॉन-मांडणीवर विसंबणं कितपत चालेल ते सांगणारा) ०.०२ च्या वर गेला तर तो आकडा डोळे मिटून घ्यायचा नाही.

टीएस शोधताना पूर्ण लिगँड घेऊन सुरुवात करणं म्हणजे संगणकाचा वेळ पाण्यात. डायआयसोप्रोपिलफिनाइल गटांसह रेणू सहज शंभर अणूंच्या पुढे जातो. आम्ही त्या गटांच्या जागी आधी मिथाइल ठेवतो, गाभ्यातली टीएस मिळवतो, मग गाभ्याचे अणू जागेवर बांधून खरे गट परत चढवतो, बाहेरचं सैल होऊ देतो आणि शेवटी सगळं सोडतो. छोट्या प्रतिकृतीची ऊर्जा मात्र कुठेही छापत नाही. तिच्यात गर्दीही नसते आणि गटागटांमधलं विक्षेपण-आकर्षणही नसतं. दोन्ही चुका एकमेकींना खोडतात असं काही जण मानतात, आम्ही मानत नाही.

हायड्रोजन रेणूचा बंध ०.७४ अँगस्ट्रॉमचा. तो ०.०५ च्या पावलांनी १.४ पर्यंत ताणत स्कॅन करायचा हा सोपा मार्ग, आणि तो निम्म्या वेळा फसतो. एका पावलावर दोन्ही हायड्रोजन उडी मारून केंद्रावर बसतात, वक्राला टोकाऐवजी तुटका कडा येतो, आणि कड्यावरची रचना टीएस समजून पुढे दिली की सॉफ्टवेअर मिथाइल गटाचं फिरणं शोधून आणतं. अशा वेळी दोन्ही टोकं देऊन एनईबी (टोकांमधली सर्वांत सोपी वाट शोधणारी पद्धत) चालवतो, ८ ते १२ मधल्या प्रतिमा आणि सर्वांत वरची चढती. ती रचना घेऊन टीएस-शोध लावताना हेसियन (ऊर्जेच्या वक्रतेचा तक्ता) सुरुवातीला नेमका मोजायला लावायचा, आणि वाट हट्टी असेल तर दर ५ पावलांनी पुन्हा. अंदाजे हेसियनवर वाचवलेला वेळ चुकीच्या दिशेने चढण्यात दुप्पट जातो.

सुरुवातीची मांडणीही रेणूप्रमाणे बदलते. लुईस जोडीत फॉस्फरस, दोन हायड्रोजन आणि बोरॉन साधारण एका ओळीत ठेवायचे, मात्र बोरॉनकडचं टोक थोडं वाकलेलं. टीएस लवकर येते, हायड्रोजनचा बंध ०.८ च्या आसपासच ताणलेला असतो. टेट्रिलीनमध्ये हायड्रोजन रिकाम्या पी-ऑर्बिटलच्या बाजूने, म्हणजे रेणूच्या प्रतलाच्या वरून, आडवा आणायचा. प्रतलातून, थेट एकाकी जोडीच्या तोंडावर आणला तर दोन भरलेली ऑर्बिटलं एकमेकांना ढकलतात आणि शोध भरकटतो.

टीएस मिळाली असं कधी म्हणायचं? काल्पनिक वारंवारता नेमकी एक, काही शे ते हजाराच्या वर प्रति सेंमी (ऑर्का या प्रोग्रॅममध्ये ती ऋण चिन्हाने छापली जाते), आणि तिची हालचाल पडद्यावर चालवल्यावर हलणारे अणू हायड्रोजनचेच. २०-४० प्रति सेंमीची दुसरी काल्पनिक वारंवारता दिसली तर त्या दिशेने रचना जराशी ढकलून पुन्हा चालवा. मग आयआरसी, म्हणजे टीएसवरून खाली जाणारी वाट, दोन्हीकडे उतरवायचा, आणि टोकं जिथे थांबली तिथून पूर्ण स्थिर करायची. आयआरसी बहुतेकदा मध्येच थकून थांबतो, त्या थांब्यालाच अभिकारक म्हटलं तर अडथळा कमी दिसतो. शेवटी अनुरूपणं (गट वळून होणारे रेणूचे वेगवेगळे आकार): जीएफएन२-एक्सटीबी या झटपट पद्धतीवर क्रेस्ट हा प्रोग्रॅम चालवून मोकळ्या रेणूचीही आणि गाभा बांधलेल्या टीएसचीही. आयसोप्रोपिल गट कोणत्या बाजूला वळलाय एवढ्यावर २-३ इकडेतिकडे होतात.

मुक्त ऊर्जेत सर्वाधिक चुका होतात, आणि त्या शांतपणे होतात. हायड्रोजनची एन्ट्रॉपी २९८ केल्व्हिनला ३१.२ कॅलरी प्रति मोल प्रति केल्व्हिन, म्हणजे तो बांधला जाताना सुमारे ९ चा भुर्दंड. नुसती इलेक्ट्रॉनिक ऊर्जा बघून 'अडथळाच नाही' म्हणणाऱ्यांचे ९ इथे हरवतात. मोठ्या लिगँडमध्ये ५० प्रति सेंमीच्या खालचे डुलणारे कंप बरेच असतात. एक कंप १० ऐवजी २० प्रति सेंमी आला तर २९८ केल्व्हिनला ०.४ चा फरक पडतो. असे पाच कंप एकाच बाजूला चुकले की २ गेले. म्हणून १०० प्रति सेंमीखाली ग्रिमे यांची अर्ध-दृढ-घूर्णक दुरुस्ती लावतो, आणि सगळ्या बिंदूंना तीच. काहींना लावून काहींना नाही, हे सर्वांत वाईट. बोगद्यातून निसटण्याची विग्नर दुरुस्ती १००० प्रति सेंमीच्या काल्पनिक वारंवारतेला वेग जेमतेम दुप्पट करते, ०.४ एवढीच, म्हणून ती शेवटी बघतो.

प्रमाण-अवस्थेचं कोडं वेगळं. सॉफ्टवेअर १ वातावरणाच्या वायूचा हिशेब देतं. १ मोलर करायला प्रत्येक घटकाला १.९ मिळवावे लागतात. पण टोल्युइनमध्ये १ वातावरणाखाली हायड्रोजन विरघळतो फक्त ३ मिलिमोलर, म्हणजे १ मोलर धरल्यास हायड्रोजन प्रत्यक्षापेक्षा ३.४ ने स्वस्त धरला जातो. सरळ उपाय असा: बाकी सगळे घटक १ मोलर द्रावणात ठेवा, हायड्रोजन मात्र प्रयोगातल्या दाबाचा वायूच ठेवा. द्रावण वायूशी समतोलात असेल तर दोन्हीकडे त्याची रासायनिक क्षमता एकच असते. दाब १ वरून १० वातावरण केला की १.४ मिळतात, त्याहून जास्त नाही.

आता सगळे बिंदू एका फेऱ्यावर मांडायचे आणि कोझुख-शाईक यांचा ऊर्जा-विस्तार काढायचा, म्हणजे फेऱ्याचा वेग ठरवणारं खड्ड्यापासून माथ्यापर्यंतचं अंतर. समजा मोकळा उत्प्रेरक, हायड्रोजन आणि इथिलीन शून्यावर. पहिली टीएस +१४, हायड्रोजन जोडलेला रेणू −२०, इथिलीनला हायड्रोजन देतानाची टीएस +८, फेरा संपतो −२४ वर. १४ चा अडथळा छान दिसतो. पण फेऱ्याचा वेग ठरतो −२० पासून +८ पर्यंतच्या २८ वर. आयरिंग समीकरणात घातलं तर २५ अंशांना एका फेऱ्याला पावणेदोन वर्षं लागतात. विस्तार तेवढाच राहिला असं धरलं तर १०० अंशांना जवळपास तास. आणि १४ च्या टीएसचा विस्तार? ती खड्ड्याच्या आधी येते, म्हणून १४ मध्ये २० मिळवून फेऱ्याचे २४ वजा करायचे, उरले १०. म्हणजे जो आकडा मिरवला जात होता त्याचा वेगाशी संबंधच नव्हता.

खड्डा कधी कधी फेऱ्याच्या बाहेर असतो, आणि तो शोधणं कंटाळवाणं असल्यामुळे राहून जातं. दोन बंधांचे जर्मेनियम आणि टिन हायड्राइड बहुधा एकटे राहत नाहीत. हायड्रोजनच्या पुलाने जोडलेले द्वयक, सरळ धातू-धातू बंधाचे द्वयक, किंवा एका अणूवर दोन्ही हायड्रोजन असलेले असममित द्वयक, हे तिन्ही मोजून सर्वांत खालचा घ्यायचा आणि त्याच्या निम्म्या ऊर्जेवरून विस्तार मोजायचा. इथिलीन स्वतः टेट्रिलीनला चिकटून तीन अणूंचं वलय करतं, सिलिकॉनवर तर आनंदाने. टेट्रिलीन आपल्याच लिगँडच्या कार्बन-हायड्रोजन बंधात घुसतं. इमाइनच्या हायड्रोजनीकरणात तयार झालेलं अमाइन बोरॉनवर बसून जागा अडवतं, म्हणून नायट्रोजनवर तृतीयक ब्युटाइलसारखा दांडगा गट असलेली इमाइनं सोपी जातात आणि सडपातळ इमाइनं उत्प्रेरकाला बांधून ठेवतात.

हे सगळं केल्यावरही आमच्या आकड्यांत २-३ ची चूक असते, आणि २५ अंशांना १.३६ म्हणजे वेगात दहापट. ३ चुकले की दीडशे पट. म्हणून पद्धतीला आधी माहीत असलेल्या रेणूंवर घासून घेतो, होकारी आणि नकारी दोन्ही. अल्किल-अमिनो कार्बीन हायड्रोजन फोडतं, दोन नायट्रोजनचं नेहमीचं वलयी कार्बीन फोडत नाही. दोघांच्या अडथळ्यात स्पष्ट अंतर दिसलं नाही तर नव्या रेणूंकडे वळतच नाही. नकारी रेणू तपासायचा बहुतेकांना कंटाळा येतो, पण पद्धत उदार झाली आहे का हे तोच सांगतो.

प्रयोगवाल्यांना आम्ही ऊर्जेच्या आलेखाआधी एक छोटी चिठ्ठी देतो: फेऱ्यात साचून राहणारा रेणू कोणता, त्याचा केंद्र-हायड्रोजन ताण अवरक्त वर्णपटात कुठे दिसेल, आणि हायड्रोजन सुटतो का हे फेरा न चालवता कसं तपासायचं. लुईस जोडी असेल तर हायड्रोजन आणि ड्युटेरियमचं मिश्रण वर सोडायचं. पायरी उलटी फिरत असेल आणि जोड्यांमध्ये प्रोटॉन-हायड्राइडची अदलाबदल होत असेल, तर प्रोटॉन एनएमआरमध्ये हायड्रोजनच्या रेषेशेजारी एचडीच्या (एक हायड्रोजन, एक ड्युटेरियम असलेल्या रेणूच्या) सारख्या उंचीच्या तीन रेषा येतात, ४३ हर्ट्झच्या अंतराने. टेट्रिलीनला ही चाचणी लावू नये. तिथे दोन्ही हायड्रोजन एकाच अणूवर एकत्र चढतात आणि एकत्रच उतरतात, त्यामुळे फेरा उत्तम उलटत असला तरी एचडी बनत नाही, आणि चांगला उमेदवार नापास होतो. तिथे हायड्रोजन जोडलेला शुद्ध पदार्थ ड्युटेरियमखाली तापवून केंद्रावरच्या हायड्रोजनचा संकेत ओसरतो का, तेवढंच बघायचं.